काखेत हात घालण्याआधी

अंगावरून वारं गेलेल्या माणसाला पलंगावरून उठवायचं असलं की दोघेजण पुढे होतात. एक चांगल्या बाजूने, एक लुळ्या बाजूने. दोघंही काखेत हात घालतात, ‘एक, दोन, तीन’ म्हणतात आणि वर ओढतात. चांगल्या बाजूचा खांदा ही ओढ सहज सोसतो, कारण ती जाणवताच त्याच्याभोवतीचे स्नायू आपसूक आवळले जातात. लुळ्या बाजूला आवळायला कुणी शिल्लकच नसतं. तिथे सगळी ओढ सांध्यावरच्या पातळ आवरणावर आणि स्नायूबंधांवर येते. रुग्णाला त्या क्षणी फारसं काही जाणवतही नाही, कारण अनेकांची त्या बाजूची संवेदना मंदावलेली असते. काही आठवड्यांनी खांदा ठणकू लागतो आणि घरातले म्हणतात, ‘पॅरालिसिसमुळे दुखतंय.’

हे अर्धंच खरं आहे. झटका मेंदूला आलेला असतो, खांद्याला त्या दिवशी काहीही झालेलं नसतं. मेंदूकडून हुकूम येईनासा झाल्यामुळे तो निराधार होतो, एवढंच. पुढे त्याचं जे होतं त्यातलं बरंचसं आपल्या हातून होतं. त्यात सून असते, मुलगा असतो, वॉर्डातले मामा-मावशी असतात, ब्युरोकडून आलेली बाई असते, आणि कधी कधी उत्साही व्यायाम करवून घेणारा मनुष्यही असतो. यांतल्या कुणाच्याही मनात वाईट नसतं. म्हणूनच ही गोष्ट आधी सांगून ठेवणं गरजेचं आहे.

पक्षाघातानंतर किती जणांचा खांदा दुखतो याचे आकडे वैद्यकीय साहित्यात पाच टक्क्यांपासून चौऱ्याऐंशी टक्क्यांपर्यंत सापडतात. कुणाला कधी तपासलं आणि दुखणं कशाला म्हटलं, यावर ते बदलतात. त्यातल्या त्यात भरवशाचा एक अभ्यास स्वीडनमधला, २००७ साली प्रसिद्ध झालेला. त्यात तीनशेहून अधिक रुग्णांपैकी जवळपास एकतृतीयांश लोकांना खांदेदुखी झाली होती आणि त्यांतल्या बहुतेकांची वेदना मध्यम ते तीव्र होती. खांदा दुखला की रात्रीची झोप जाते. झोप नसलेला माणूस सकाळी व्यायामाला नाही म्हणतो. हाताला हात लावू देत नाही. मेंदू नवे मार्ग शोधून हात पुन्हा हलवायला शिकू शकतो तो काळ प्रामुख्याने सुरुवातीच्या महिन्यांचा, आणि नेमका तोच दुखण्यात निघून जातो.

खांदाच का, गुडघा किंवा खुबा का नाही? खुब्याचा सांधा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्याचं तसं नाही. दंडाच्या हाडाचा गोल माथा आणि फऱ्याच्या, म्हणजे पाठीच्या पात्याच्या, कडेला असलेली उथळ खोबण यांची गाठ म्हणजे चहाच्या बशीला टेकवलेलं संत्रं, आणि बशीही आडवी नव्हे, उभी धरलेली. माथ्याचा जेमतेम तिसरा-चौथा हिस्सा त्या खोबणीला टेकतो. ही सैल रचना आहे म्हणूनच आपण वेणी घालतो, माळ्यावरचा डबा काढतो, चेंडू फेकतो. सांधा जागेवर ठेवण्याचं काम मुख्यतः चार लहान स्नायू करतात. त्यांच्या गटाला रोटेटर कफ म्हणतात. त्यांतला फऱ्याच्या वरच्या अंगाचा एक स्नायू दंडाचा माथा खोबणीत धरून ठेवायला विशेष कामी येतो.

पूर्ण हाताचं वजन शरीराच्या वजनाच्या साधारण पाच टक्के भरतं. साठ किलोच्या माणसाचा हात म्हणजे तीन किलो. पक्षाघातानंतरच्या पहिल्या दिवसांत, कधी आठवडे, स्नायू ढिले पडलेले असतात. अशा वेळी रुग्णाला बसवलं आणि हात मोकळा लोंबू दिला तर हे तीन किलो दिवसभर सांध्याला खाली खेचत राहतात. माथा हळूहळू खोबणीतून खाली सरकतो. समोर बसून दोन्ही खांदे उघडे करून पाहिले तर फरक डोळ्यांना दिसतो: लुळ्या बाजूच्या खांद्याची गोलाई सपाट झालेली असते आणि खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली खळगा पडलेला असतो. थेरपिस्ट त्या खळग्यात बोट टेकवून अंदाज घेतात, अर्धं बोट, एक बोट. याला लोक ‘खांदा उतरला’ म्हणतात, पण पडल्यावर सांधा निखळतो तसा हा प्रकार नव्हे. सांधा अर्धवट सरकलेला असतो. तो ‘बसवून’ देतो म्हणणाऱ्याकडे नेऊ नये. बसवला तरी धरून ठेवणारे स्नायू जागे झालेले नसतात.

एक मात्र खरं, खांदा सरकला म्हणजे तो दुखेलच असं नाही. बोटभर खळगा असूनही अजिबात न दुखणारे खांदे असतात आणि खळगा नसलेले ठणकणारेही असतात. सरकलेला सांधा ओढाताणीला जास्त बळी पडतो, म्हणून त्याची काळजी.

पुढच्या टप्प्यात अनेकांच्या हातात ताठरपणा येऊ लागतो. हात अंगाला चिकटतो, आत वळतो, कोपर दुमडतं, मूठ आवळली जाते. छातीचा मोठा स्नायू आणि फऱ्याच्या आतल्या बाजूचा स्नायू दंडाला सतत आत खेचतात. खांदेदुखीशी ज्या हालचालीचं नातं सर्वांत जवळचं दिसलं आहे ती हात वर नेण्याची नव्हे, दंड बाहेर वळवण्याची आहे. कोपर कमरेशी ठेवून पुढचा हात दार उघडल्यासारखा बाहेर नेता येतो ना, ती. ही हालचाल गेली की खांदा आखडत चालला असं समजावं. मधुमेह असलेल्यांचा खांदा तसाही लवकर आखडतो, आणि पक्षाघाताच्या रुग्णांत मधुमेही कमी नसतात. शिवाय पन्नाशी-साठीनंतर अनेकांचे खांद्याचे स्नायूबंध आधीच झिजलेले असतात.

आता कप्पीकडे येऊ, कारण घरोघर सर्वांत जास्त घोटाळा तिथे होतो. दाराच्या चौकटीला कप्पी, कप्पीवरून दोरी, दोरीच्या दोन टोकांना दोन मुठी. लुळा हात एका मुठीला बांधायचा आणि चांगल्या हाताने दोरी खाली ओढायची, म्हणजे लुळा हात सरसर वर जातो. घरातले खूश, रुग्णही खूश, कारण हात ‘चालतोय’ असं दिसतं. गोठलेल्या खांद्याच्या इतर रुग्णांना ही कप्पी देतात, म्हणून शेजारच्या काकांना उपयोग झाला तर आपल्यालाही होईल असं वाटतं.

ती इथे का चालत नाही, हे समजायला १९४४ सालचं एक संशोधन बघावं लागतं. अमेरिकेतल्या व्हर्न इनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हात वर जाताना नेमकं काय होतं ते मोजलं. हात सरळ डोक्यावर नेला तर १८० अंशांपैकी साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यात घडतात आणि उरलेले ६० अंश फरा पाठीवर फिरल्यामुळे मिळतात. म्हणजे हात वर जाताना फराही फिरलाच पाहिजे. त्याच वेळी दंडही बाहेर वळावा लागतो, नाहीतर दंडाच्या माथ्यावरचा उंचवटा खांद्याच्या टोकाच्या हाडाला खालून अडतो आणि मधला स्नायूबंध चेपला जातो. निरोगी माणसाच्या हे लक्षातही येत नाही. लुळ्या हाताला कप्पी फक्त वर ओढते. फरा जागेवर, दंड आत वळलेला, आणि दोरी ओढणारा चांगला हात जोमात. दर खेपेला तोच स्नायूबंध दोन हाडांच्या मध्ये दाबला जातो.

१९९० मध्ये कुमार आणि सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आला. पक्षाघाताच्या अठ्ठावीस रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाचा हात थेरपिस्ट स्वतः हलवत, दुसरा गट टेबलावर चाकांच्या फळीवर हात ठेवून सरकवे, तिसरा कप्पी वापरे. खांदेदुखी झालेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ८ टक्के, दुसऱ्यात १२ आणि कप्पीवाल्यांत ६२ टक्के निघालं. रुग्ण मोजकेच होते हे कबूल. पण फरक एवढा मोठा आणि त्यामागचं कारण एवढं सरळ, की अनेक देशांच्या मार्गदर्शक तत्त्वांनी पक्षाघातानंतर डोक्यावरची कप्पी नको असं म्हटलं. पस्तीस वर्षं उलटून गेली तरी आपल्याकडे चौकटीला कप्पी टांगलेली दिसते, याचं मला नवल वाटतं आणि थोडा रागही येतो.

बोटांत बोटं गुंफून चांगल्या हाताने लुळा हात डोक्यावर नेण्याचा व्यायामही त्याच माळेतला. छातीच्या उंचीपर्यंत ठीक आहे, त्यापुढे थेरपिस्टने परवानगी दिल्याशिवाय नेऊ नये. त्यापेक्षा टेबलावर एक सुती फडकं पसरावं, दोन्ही तळवे त्यावर ठेवावेत आणि टेबल पुसल्यासारखे पुढे-मागे सरकवावेत. हाताचं वजन टेबल उचलतं, धड पुढे झुकलं की फरा आपोआप पुढे येतो.

घरच्या माणसाला हात हलवून द्यायचाच असेल तर पद्धत अशी. रुग्ण उताणा झोपलेला. आपला एक तळवा त्याच्या फऱ्याखाली सपाट सरकवायचा, दुसऱ्या हाताने त्याचा दंड कोपराच्या वर धरायचा. मनगटाला धरून हात उचलायचा नाही, ते हँडल नव्हे. आधी फरा हलकेच पुढे आणि वर सरकवायचा, मग दंड बाहेर वळवायचा, अंगठा छताकडे राहील असा. मगच हात वर न्यायचा, तोही खांद्याच्या रेषेपर्यंत. नजर हाताकडे नाही, रुग्णाच्या चेहऱ्याकडे. उजवी बाजू गेलेल्या अनेकांची वाचाही गेलेली असते. ‘दुखतंय’ म्हणता येत नाही, पण भुवई आकसते, पाय ताठरतो. डावी बाजू गेलेल्यांत उलट अडचण असते: काहींना डावा हात आपला आहे याचंच भान राहत नाही. तो चाकांच्या खुर्चीच्या चाकात अडकतो, कुशीखाली दबतो, आणि त्यांना पत्ता नसतो. अशा रुग्णाशी त्याच्या डाव्या बाजूने बोलायला जावं, म्हणजे त्याची मान तिकडे वळत राहते.

बसण्या-झोपण्याची रीत हे प्रतिबंधाचं खरं काम आहे, कारण व्यायाम अर्धा-पाऊण तास चालतो आणि उरलेले तेवीस तास हात कुठेतरी पडलेलाच असतो. उताणं झोपताना लुळ्या बाजूच्या फऱ्याखाली पातळ उशी, हात अंगापासून थोडा दूर, पूर्ण लांबीला आधार दिलेला. चांगल्या कुशीवर झोपताना पोटाशी मोठी उशी घेऊन लुळा हात तिच्यावर पुढे ठेवायचा. लुळ्या कुशीवर झोपवायला घरचे घाबरतात. घाबरण्याचं कारण नाही, फक्त खांदा अंगाखाली दबता कामा नये. फरा हाताने पुढे ओढून घेतला की झालं. खुर्चीत बसलं की हात मांडीवरून घरंगळू द्यायचा नाही. चाकांच्या खुर्चीला पुढे बसणारी फळी मिळते, सुतारही करून देतो. नाहीतर मांडीवर दोन उशा पुरतात. ऑस्ट्रेलियात लुईस एडा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की रोज किमान अर्धा तास दंड बाहेर वळवून, नीट आधार देऊन ठेवला तर त्या हालचालीचं आखडणं कमी होतं. ही ठेवण किती अंशांची हे थेरपिस्टकडून लावून घ्यावं आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. संध्याकाळच्या पाळीच्या मावशीला दाखवायला तो कामी येतो.

गळ्यातल्या झोळीबद्दल मतभेद आहेत. त्रिकोणी कापडाची झोळी घातली की हात सांभाळला गेला असं वाटतं. पण ती हाताला ठेवते कसं? दंड अंगाशी, आत वळलेला, कोपर दुमडलेलं. ताठरपणा हाताला ज्या स्थितीत नेऊ पाहतो, अगदी तीच. झोळ्या आणि पट्ट्यांमुळे सांधा सरकणं टळतं याचा पक्का पुरावा मिळालेला नाही. म्हणून उभं राहताना, चालताना हात लोंबून ओढला जाऊ नये यासाठी ती घालावी आणि बसलं की काढून उशी द्यावी. सकाळी घातलेली झोळी रात्री झोपताना काढणं हा वापर नव्हे. सुरुवातीच्या ढिल्या अवस्थेत ठरावीक स्नायूंना विजेची सौम्य उत्तेजना दिल्याने सांधा सरकणं कमी होतं, हे अभ्यासांत दिसलं आहे. तुमच्या केंद्रात ती सोय आहे का, हे विचारायला हरकत नाही.

कपडे. रोज दोनदा खांद्याची परीक्षा इथे होते. नियम सगळ्या थेरपिस्टांच्या तोंडी असतो: घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. डोक्यावरून घालायची बंडी काही महिने कपाटात राहू द्यावी. पुढून बटणांचा सदरा घ्यावा, एक नंबर मोठा. रुग्णाला पलंगाच्या कडेला बसवून सदरा त्याच्या मांडीवर पसरायचा, लुळ्या बाजूची बाही गोळा करून तिच्यातून आपला हात घालायचा आणि रुग्णाचा हात ओंजळीत घेऊन बाही त्याच्यावर चढवत न्यायची, कोपराच्या वर, थेट खांद्यापर्यंत. बाही खांद्यावर बसल्याशिवाय दुसऱ्या बाजूला जायचं नाही. ती अर्धवट राहिली तर चांगला हात घालताना लुळा हात मागे ओढला जातो. बायकांच्या घट्ट बाह्यांच्या ब्लाउजने हे सगळं अवघड होतं. ‘आईंना गाऊन चालत नाही’ असं असेल तर शिंपिणीकडून सैल बाहीचे, पुढे हूक नाहीतर वेल्क्रो लावलेले दोन ब्लाउज शिवून घ्यावेत. तेवढा खर्च एका महिन्याच्या वेदनाशामक गोळ्यांपेक्षा जास्त नसेल.

उठवताना हात नव्हे, धड धरायचं. कमरेला रुंद पट्टा किंवा दुहेरी घडी घातलेला पंचा घट्ट बांधावा आणि त्याला धरून उठवावं, नाहीतर एक हात पाठीमागून फऱ्यावर आणि एक कमरेवर. आपल्याकडच्या दोन जागा खास धोक्याच्या आहेत. एक, भारतीय पद्धतीचा संडास. उकिडव्या बसलेल्या माणसाला वर काढताना हात ओढण्यावाचून इलाज उरत नाही, म्हणून निदान पहिले काही महिने कमोडची खुर्ची हवीच. दुसरी, रिक्षा. डिस्चार्जच्या दिवशी रिक्षावाला भला माणूस असतो, तो आतून हात देतो आणि नेमका लुळा हात धरून खेचतो. आधी सीटवर पाठमोरं टेकवायचं, मग पाय आत, आणि लुळा हात पूर्ण वेळ रुग्णाच्या मांडीवर.

थोडं सलाइन आणि मालिशीबद्दल. लुळ्या हातात शक्यतो सुई लावू नये, रक्तदाबही दुसऱ्या हातावर मोजावा. वॉर्डात हे आठवण करून द्यायला संकोच करू नका. तेलाचं हलकं मालीश बरं वाटत असेल तर जरूर करा, पण सांधे मोडणं, हात पिळणं, झटके देणं नको. संवेदना नसलेल्या खांद्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली की फोड येतो आणि तो आल्यावरच कळतं.

हे शिकवायचं कुणी? फिजिओथेरपिस्ट आपल्या ओळखीचे झाले आहेत. कपडे, आंघोळ, जेवण अशा रोजच्या कामांतून हात सावरणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट त्या मानाने कमी ओळखीचे, जरी भारतात या विद्येची पहिली शाळा मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली कमला निंबकर यांनी सुरू केली असली तरी. पण पक्षाघात काही मुंबई-पुण्याचाच आजार नाही. गडचिरोलीतल्या ८६ खेड्यांत ‘सर्च’ संस्थेने केलेल्या अभ्यासात मृत्यूच्या कारणांत तो पहिल्या क्रमांकावर निघाला, तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे झटक्याने मरणारे इतके, तिथे वाचून घरी परतणारेही असणारच, आणि त्यांच्या उंबऱ्यापर्यंत थेरपिस्ट पोचत नाही. तिथे जे काही होईल ते घरच्यांच्या हातून.

सगळं नीट केलं तरी काही खांदे दुखतातच. दुखलं तर ‘थोडं सोसा, मोकळं होईल’ म्हणून रेटू नये, डॉक्टरांना दाखवावं. कारण एक नसतं, त्यामुळे उपायही एक नसतो. आखडलेल्या सांध्यात इंजेक्शन, ताठर स्नायूंत बोटुलिनम टॉक्सिन, फऱ्याजवळची एक नस बधिर करणं असे मार्ग आहेत. दोन गोष्टींत मात्र उशीर नको. रुग्ण पडला आणि त्यानंतर खांदा दुखू लागला तर एक्स-रे काढायचाच. आणि लुळ्या हाताचा पंजा सुजला, लालसर-चकचकीत झाला, नुसत्या स्पर्शानेही झोंबू लागला, तर खांदा आणि पंजा दोन्ही धरणारी एक व्याधी सुरू झालेली असू शकते. ती लवकर गाठली तर आटोक्यात येऊ शकते, महिने गेले की हात कायमचा आखडू शकतो.

डिस्चार्जच्या दिवशी घरातला एकजण बिलाच्या रांगेत उभा राहील. दुसऱ्याने थेरपिस्टना गाठावं आणि उठवणं, सदरा घालणं, उशी लावणं या तीन गोष्टी त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने करून दाखवाव्यात. नुसतं बघून येत नाही. चुकलं तर ते तिथेच सांगतील.